राजधानी पायी फिरताना: अचलपूर आणि गॅझेटियरची परीक्षा

'क्षेत्रभेट देऊन निरीक्षण केले जाईल.' सिनॉप्सिसमधलं हे वाक्य तुम्ही लिहिलं असेल, नाहीतर पेट पास झाल्यावर लिहाल. आरआरसीत ते सहसा कुणी अडवत नाही, कारण त्यात अडवण्यासारखं काही नसतंच. कुठे भेट देणार, किती दिवस, काय बघणार, आणि जे दिसेल त्यानं तुमचं कुठलं म्हणणं खोटं ठरू शकतं, यातल्या एकाही प्रश्नाचं उत्तर त्यात नाही. जुन्या शहरांवर काम करणाऱ्यांना हे वाक्य फार सोयीचं पडतं. शहर समोर आहे, पाय आहेत, मोबाइलमध्ये कॅमेरा आहे. आता संशोधन आपोआप होईल, असं वाटतं. तसं ते होत नाही.

म्हणून आज एक शहर आणि एक पुस्तक घेऊन हे वाक्य तपासू. शहर अचलपूर, पुस्तक गॅझेटियर. पुस्तक टेबलावर ठेवून त्याची परीक्षा करता येते, तशी ते पिशवीत घालून चार दिवस शहरात फिरूनही करता येते. ही दुसऱ्या प्रकारची परीक्षा आहे.

शहर कुठलं, पुस्तक कुठलं

अचलपूर हे अमरावती जिल्ह्यातलं तालुक्याचं ठिकाण. वऱ्हाडातली माणसंसुद्धा त्याला बरेचदा 'परतवाड्याच्या बाजूचं' म्हणून ओळखतात. पण बहमनी राज्य फुटलं तेव्हा, १४९० मध्ये, फतहउल्लाह इमादउल्मुल्क वऱ्हाडात स्वतंत्र झाला, आणि १५७४ मध्ये अहमदनगरच्या मुर्तझा निजामशहानं हे राज्य घशात घालेपर्यंत इमादशाहीची राजधानी इथे होती. त्याच्याही आधी, १२९६ मध्ये, अलाउद्दीन खिलजी देवगिरीवर गेला तो एलिचपुरावरून. पुढे मोगलांचा वऱ्हाड सुभा झाला, तेव्हा ऐन-ए-अकबरीनं मुख्य शहर म्हणून हेच सांगितलं. अठराव्या शतकात निजामाच्या बाजूनं पन्नी पठाण नवाब इथे बसले. म्हणजे 'ऐतिहासिक राजधानी' असं एकदाच म्हणताना आपण खरं तर तीन-चार राजधान्यांबद्दल बोलत असतो. या एकाच जागेवर आहेत, एवढंच.

आता पुस्तक. गॅझेटियर एकच नाही, निदान तीन आहेत, आणि संदर्भ देताना विद्यार्थी त्यांची हमखास सरमिसळ करतात. पहिलं १८७० चं, ए. सी. लायल यांनी संपादित केलेलं, सगळ्या वऱ्हाडाचं. दुसरं १९११ चं, फिट्झजेराल्ड आणि नेल्सन यांचं, अमरावती जिल्ह्याचं. तिसरं महाराष्ट्र शासनानं १९६८ मध्ये काढलेली सुधारित आवृत्ती. लायल लिहीत होते तेव्हा एलिचपूर हा स्वतंत्र जिल्हा होता. १९०५ मध्ये तो अमरावतीत विलीन झाला. १९११ चं पुस्तक लिहिलं गेलं तेव्हा ही जुनी राजधानी दुसऱ्या गावाच्या जिल्ह्यातली एक नोंद होऊन बसली होती. पुस्तक उघडण्याआधी हे माहीत असायला हवं. नोंद लिहिणाऱ्यानं शहराकडे कुठून पाहिलं हे त्यातून कळतं: कचेरी अमरावतीला, शहर दूर.

पहिला दिवस: शहर सुरू कुठे होतं?

अमरावतीहून 'अचलपूर'ला जायला निघा, बस तुम्हाला परतवाड्याला उतरवेल. मोठं बसस्थानक तिथे आहे, बाजार तिथे आहे, मेळघाटातलं लाकूड येतं ती वखारही तिथेच. परतवाडा हा मुळात हैदराबाद कंटिन्जंटच्या फौजेचा तळ. आज नगरपरिषद दोन्हींची एकच आहे. पण परतवाड्याचे सरळ, रुंद रस्ते सोडून अचलपुरात शिरलात की रस्त्याची रुंदी, वळणं, घरांची जोती, सगळं बदलतं. हा बदल नेमका कुठल्या जागी होतो? पहिल्या दिवशी एवढंच शोधा.

गॅझेटियर इथे मदत करत नाही. त्यात परतवाड्याची माहिती आहे, एलिचपूरची आहे. दोघांच्या मधल्या पट्ट्याची नाही. नोंदी वर्णानुक्रमानं लावल्या की शेजार तुटतो. पायाला मात्र शेजार आधी लागतो. तळ शहरात न घालता बाजूला का घातला? शहराचं कोणतं काम हळूहळू तळाकडे गेलं आणि कोणतं शहरातच राहिलं? मूर्तिजापूरहून येणाऱ्या शकुंतला रेल्वेचं स्टेशन एका जागी आणि बसस्थानक दुसऱ्या जागी, याचा बाजारावर काय परिणाम झाला? गाडी तर आता बंद पडलीय. हे प्रश्न पुस्तकातल्या दोन वेगवेगळ्या नोंदी वाचून सुचत नाहीत. एका नोंदीतून दुसरीत चालत गेलं की सुचतात.

पण जपून. चालून प्रश्न मिळाला म्हणजे उत्तर मिळालं असं नाही. उत्तरासाठी नगरपालिकेचे जुने ठराव, भूमापनाचे नकाशे, जकातीचे कागद बघावेच लागतील. पायांनी फक्त कुठला कागद मागायचा ते सांगितलं.

दुसरा दिवस: तट कुणाचा?

दुसऱ्या दिवशी गॅझेटियर हातात घ्या आणि त्याच्याच क्रमानं फिरा. दुल्हा दरवाजा, दुल्हा रहमानचा दर्गा, जुमा मशीद, शहराबाहेरचा हौज कटोरा. हेरिटेज वॉक काढणारेही साधारण असंच फिरतात. दिवसभरात सगळं 'होतं'. संध्याकाळी मोबाइलमध्ये दोनशे फोटो असतात आणि वहीत इमारतींची यादी.

त्या यादीचा दोष असा की तिच्यात काळ नाही. 'इमादशाहीची राजधानी' म्हणून आलेला विद्यार्थी तट आणि दरवाजे बघतो आणि बिनदिक्कत लिहितो, 'इमादशाहीच्या राजधानीला भक्कम तटबंदी होती.' पण आज दिसणारा तट प्रामुख्यानं नवाबी काळातला, म्हणजे अठराव्या शतकातला. इमादशाही त्याच्या कितीतरी आधी, सोळाव्या शतकातच संपली होती. गॅझेटियरनं हे लपवलेलं नाही, मजकूर नीट वाचला तर कळतं. पण 'प्रेक्षणीय' म्हणून सगळं एका ओळीत मांडलं की दोन शतकांचं अंतर दोन परिच्छेदांचं होतं, आणि घाईतला वाचक ते ओलांडून जातो.

मग त्याच रस्त्यानं पुन्हा फिरा, यादी पिशवीत ठेवून. या खेपेला पुरे मोजा. सरमसपुरा, सुलतानपुरा, बिलनपुरा, अब्बासपुरा, जीवनपुरा. जुनं शहर असं पुऱ्यापुऱ्यांनी वाढतं, आणि प्रत्येक नाव म्हणजे कुणाचा तरी दावा असतो. सुलतानपुऱ्यातला सुलतान म्हणजे नवाब घराण्यातला सुलतानखान, की नुसता 'सुलतान'? पाटी ते सांगत नाही. तुमच्या वहीत ते गृहीतक म्हणून उतरलं पाहिजे, माहिती म्हणून नाही. कुठला पुरा तटाच्या आत, कुठला बाहेर, कुठे तट पुऱ्याला कापत गेल्यासारखा वाटतो, याची नोंद करा. तट पुऱ्याच्या मधून जात असेल तर पुरा तटाच्या आधीचा असण्याची शक्यता वाढते. अचलपुरातली नवाबाआधीची वस्ती शोधायची असेल, तर दरवाज्यांच्या फोटोंपेक्षा ही नोंद जास्त कामाची. दुसऱ्या कुणालाही ती तपासता येते. आणि ती चुकीची ठरू शकते, म्हणूनच ती संशोधनाची नोंद आहे.

नाव पायाखाली सापडत नाही

गॅझेटियरची खरी कसोटी नावापाशी लागते. एलिचपूर हे नाव ईल राजावरून पडलं, असं तिथे वाचायला मिळतं. हा ईल राजा आणि महमूद गझनवीचा पुतण्या शाह रहमान यांची लढाई झाली, रहमान लग्नाच्या मांडवातून उठून आला म्हणून 'दुल्हा', अशी कथा पुढे येते. गॅझेटियरचे लेखक ती 'आख्यायिका' म्हणूनच देतात. पण पुढचे लेखक 'सांगतात' हा शब्द गाळतात, आणि दोनतीन पिढ्यांत ती कथा इसवी सनासकट इतिहास होऊन बसते.

आता दुसऱ्या बाजूनं बघा. हेमचंद्रानं बाराव्या शतकात प्राकृताचं व्याकरण रचलं. त्यात एक नियम खास या एका शहराच्या नावासाठी आहे: अचलपूर या शब्दात 'च' आणि 'ल' जागा बदलतात आणि 'अलचपुर' होतं. आपण 'नुकसान'चं 'नुसकान' करतो, 'मतलब'चं 'मतबल' करतो, तसंच. म्हणजे 'अलचपूर' हे रूप तेव्हा इतकं रूढ होतं की गुजरातेतल्या वैयाकरणाला त्याची दखल घ्यावी लागली. एलिचपूर हे त्याच वाटेवरचं पुढचं रूप. नावाच्या उगमासाठी ना राजा लागतो, ना लढाई. बोलणाऱ्यांची जीभ पुरे.

आणि शहर त्याहून जुनं. हरिषेण नावाचा जैन कवी चितोडहून अचलपुराला आला आणि त्यानं 'धम्मपरिक्खा' हे अपभ्रंश काव्य इसवी सन ९८८ च्या सुमारास इथे रचलं. दूरच्या कवीनं येऊन राहावं, लिहावं, असं हे गाव दहाव्या शतकातच होतं. जवळच्या चम्मकमध्ये वाकाटक राजा दुसरा प्रवरसेन याचा ताम्रपट सापडला. चर्मांक हे गाव एक हजार ब्राह्मणांना दान दिल्याचा. 'चर्मांक' आणि 'चम्मक', दीड हजार वर्षांत नाव एवढंच झिजलं.

यातलं एकही अक्षर तुम्हाला शहरात फिरून मिळालं नसतं. 'शहर स्वतः बोलतं' असं प्रस्तावनांत लिहायची फॅशन आहे. शहर व्याकरण बोलत नाही. चार दिवसांतला अर्धा दिवस ग्रंथालयाला द्या, आणि तो चौथा नाही, दुसरा किंवा तिसरा द्या, म्हणजे परत जाऊन बघता येईल.

ईल राजाची कथा मग फेकून द्यायची का? नाही. ती अकराव्या शतकाचा पुरावा नाही, पण ज्यांनी ती सांगितली त्यांच्या काळाचा आहे. दर्ग्याला नवस बोलणाऱ्यांत कोण कोण येतं, कथा कोण कशी सांगतं, राजाचा शेवट कुणाच्या तोंडी कसा होतो, हे ऐकून लिहून घेण्यासारखं आहे. ज्या गावात दोन्ही समाज पिढ्यान्‌पिढ्या शेजारी राहतात, तिथे 'अमक्या साली अमक्यानं तमक्याला हरवलं' हे न तपासलेलं वाक्य प्रबंधात छापणं साधी चूक राहत नाही. कुणीतरी ते उचलतं, त्याचा फलक होतो, त्यावरून भांडण होतं, आणि तळटीप तुमची असते.

तिसरा दिवस: पाण्यामागे

तिसऱ्या दिवशी इमारती सोडा, पाण्यामागे चाला. अचलपूरजवळून सापन आणि बिच्छन वाहतात, दोन्ही मेळघाटाच्या डोंगरातून उतरतात. पावसाळा सोडून गेलात तर 'वाहतात' हा शब्द जरा उदार वाटेल. म्हणजे एवढ्या मोठ्या वस्तीला, फौजेला, जनावरांना बाराही महिने पाणी लागणार, ते कुठून येत होतं? विहिरी मोजा, बुजलेल्या असतील तर त्याही. आणि मग हौज कटोऱ्याकडे चालत जा, ऑटोनं नको.

गॅझेटियरमध्ये हौज कटोरा ही एक 'वास्तू' आहे: गोल तळ्याच्या मधोमध उभी असलेली अष्टकोनी, मजल्यांची इमारत. वर्णन बरोबर आहे. पण शहरातून चालत गेलात की वाटेतच पहिला प्रश्न पडतो: विलासासाठी बांधलेली जागा वस्तीपासून इतकी लांब का? पोचल्यावर दुसरा: तळं मुद्दाम खोदलेलं, तर ते भरत कशानं होतं? नावातच हौज आहे आणि कटोरा आहे, नाव पाण्याचं आहे, पण वर्णन करणारे इमारतीपाशीच थांबतात. पाणी नळानं, पाटानं की नुसत्या पावसानं येत होतं, हा प्रश्न घेऊन आजूबाजूचा उतार बघितला, शेतकऱ्याला 'नांगरताना इथं कुठे खापराचे नळ लागतात का?' असं विचारलं, तर कदाचित उत्तराचं टोक हाती लागेल. तसं काही निघालं नाही, तर तेही लिहा. 'शोधलं, सापडलं नाही, इतकी जागा पाहिली' ही नोंद पुढच्या माणसाचा एक दिवस वाचवते.

इथे शहर आणि इमारत यांत फरक पडतो. इमारतींची यादी बांधणाऱ्यांची नावं सांगते. पाणी, वखारी, विणकरांच्या आळ्या, गिरणी यांचा माग काढला तर राजधानी चालवणारे दिसतात. अचलपुरात कापसाचं आणि कापडाचं काम राजे गेल्यावरही चालू राहिलं, अगदी फिनले मिलपर्यंत. राजधानी १५७४ मध्ये 'संपली' असं पुस्तकात आहे. शहर तेव्हा संपलं नाही, आणि तुमचा प्रबंधही त्या साली संपायला नको.

एक जुनं उदाहरण: स्थानपोथी

ठिकाणं चालून लिहिण्याची रीत वऱ्हाडाला इंग्रजांनी शिकवली, असं वाटत असेल तर स्थानपोथी बघा. महानुभावांची ही चौदाव्या शतकाच्या आसपासची पोथी, वि. भि. कोलते यांनी संपादित केलेली. चक्रधरस्वामी जिथे जिथे गेले, बसले, राहिले, त्या जागा तीत नोंदल्या आहेत: देऊळ कुठल्या दिशेला, दार कुठे, त्यापासून दुसरी जागा कुठे. वाचणारा त्या खुणांवरून तिथे पोचावा, हाच हेतू.

गॅझेटियरच्या शेजारी ही पोथी ठेवून वाचा. गॅझेटियर मैल सांगतं, पोथी दिशा सांगते. गॅझेटियरला ठिकाण महत्त्वाचं वाटतं कारण तिथून महसूल येतो किंवा तिथे जुनी इमारत आहे. पोथीला ते महत्त्वाचं वाटतं कारण तिथे कुणी बसलं होतं. दोघांनीही बरंच गाळलं आहे: पोथीनं स्वामींचा पाय लागला नाही ते, गॅझेटियरनं साहेबाच्या उपयोगाचं नव्हतं ते. पण एका गोष्टीत पोथी वरचढ आहे. तिच्यात एका जागेवरून दुसऱ्या जागेवर जाता येतं, म्हणजे शेजार टिकतो. तुमची क्षेत्रनोंद या बाबतीत पोथीसारखी असावी.

चौथा दिवस: शहराबाहेर

राजधानी एका तटात मावत नाही. बहमनी अहमदशहानं १४२५ च्या सुमारास एलिचपुराला मुक्काम करून वर डोंगरात गाविलगड बांधवला आणि नरनाळा दुरुस्त करवला, असं फिरिश्ता सांगतो. गाविलगड अमरावती जिल्ह्यात चिखलदऱ्याजवळ, नरनाळा अकोला जिल्ह्यात. नरनाळ्याच्या महाकाली दरवाज्यावर १४८७ चा लेख आहे आणि त्यात फतहउल्लाहचं नाव आहे, तो स्वतंत्र होण्याच्या तीन वर्षं आधीचं. म्हणजे मैदानातलं शहर आणि डोंगरातले किल्ले ही एकच व्यवस्था होती. आज जिल्ह्यांची पुस्तकं दोन म्हणून ती दोन ठिकाणी वाचावी लागते, एवढंच. चौथा दिवस या जोडीतल्या एका तरी टोकाला द्या.

अकोल्याकडे जाणार असाल तर बाळापूरही बघा, एका वाक्याच्या परीक्षेसाठी. पर्यटनाच्या कितीतरी पानांवर लिहिलेलं आढळतं की बाळापूरचा किल्ला औरंगजेबाचा मुलगा मिर्झा आझमशहा यानं १७२१ मध्ये बांधायला घेतला आणि एलिचपूरचा नवाब इस्माईलखान यानं १७५७ मध्ये पूर्ण केला. आझमशहा १७०७ मध्ये जाजऊच्या लढाईत मारला गेला. मेलेला माणूस चौदा वर्षांनी किल्ल्याचा पाया कसा घालेल? एकतर साल चुकलंय, नाहीतर माणूस, नाहीतर दोन वेगळी बांधकामं एका वाक्यात कोंबलीत. हे कळायला ना फारसी लागते, ना पुरातत्त्व, वजाबाकी लागते. तरी वाक्य वर्षानुवर्षं फिरतंय, कारण उतरवणाऱ्यानं साल आणि माणूस कधी शेजारी ठेवून पाहिले नाहीत. हे वाक्य आधी कुणी लिहिलं, नंतर कुणी उचललं, याची साखळी काढून बघा. पहिल्या सेमिनारला एवढा विषय पुरतो.

चालणारे पाय कुणाचे

चालण्यावर लिहायचं म्हटलं की विद्यार्थी मिशेल द सर्तोचं नाव टाकतात. न्यूयॉर्कच्या वर्ल्ड ट्रेड सेंटरवरून खाली बघणारा आणि खाली रस्त्यात चालणारा यांच्यातला त्याचा फरक उपयोगी आहे. गॅझेटियर वरून बघतं, तुम्ही खालून चालता, इतपत ठीक. पण सर्तोचा चालणारा बहुतेक बिननावाचा, बिनचेहऱ्याचा असतो. वऱ्हाडातल्या गल्लीत तसं कुणी नसतं. मी वही घेऊन एखाद्या पुऱ्यात उभी राहिले की पाच मिनिटांत प्रश्न येतो, "कोनाच्या इथं आल्या बाई?" मग गाव, आडनाव, लग्न, सगळं. माझा मित्र त्याच जागी उभा राहतो तेव्हा त्याला विचारतात, "काय पायता भाऊ, सर्वे हाय काय?" त्याला सरकारी समजतात, मला पाहुणी. त्यामुळे त्याला ओट्यावरची माहिती मिळते आणि मला घरातली. विहीर कोणत्या साली बुजवली हे मला चुलीपाशी कळतं. जमीन कुणाच्या नावावर आहे हे त्याला पानटपरीवर. संध्याकाळी सातनंतर कुठल्या गल्लीत मी जाणार नाही, हेही माझ्या नकाशाचा भाग आहे. मुंबईच्या संदर्भात शिल्पा फडके, समीरा खान आणि शिल्पा रानडे यांनी 'व्हाय लॉइटर?' या २०११ च्या पुस्तकात बायकांच्या रस्त्यात असण्याबद्दल जे मांडलंय, ते तालुक्याच्या गावाला लावताना बदलावं लागेल. पण मुलगी म्हणून क्षेत्रकार्याला निघणार असाल, तर आधी ते वाचा.

हे सगळं 'मर्यादा' या शेवटच्या पानावरच्या परिच्छेदात ढकलू नका. पद्धतीच्या प्रकरणात लिहा. कुणाच्या पायांनी शहर पाहिलं, यावर काय दिसलं ते ठरतं.

वही कशी ठेवायची

पानाचे तीन रकाने करा: पाहिलं, ऐकलं, वाचलं. एक गोष्ट एकाच रकान्यात. 'दरवाज्याच्या उजव्या बाजूला दगड बदललेला आहे' हे पाहिलं. 'पुरात पडला होता, मग बांधला' हे ऐकलं. कुणाकडून, साधारण वय, काम, पण नाव विचारून परवानगी असेल तरच. 'नवाबाच्या काळात बांधला' हे वाचलं. पुस्तक, साल, पान. संध्याकाळी तीन रकाने एकमेकांसमोर ठेवा. जिथे ते जुळतात तिथे खूश होऊ नका. ऐकवणाऱ्यानंही तेच गॅझेटियर वाचलेलं असू शकतं, गावोगावी शिक्षकांनी ते वाचून पोरांना सांगितलेलं असतं. जिथे जुळत नाहीत तिथे खूण करा. दुसऱ्या दिवशीची चाल त्या खुणांवरून ठरवा. एकापेक्षा जास्त दिवस लागतात ते यासाठी. एका दिवसात शहर बघून होईलही, पण आदल्या दिवशीच्या नोंदीशी भांडायला दुसरा दिवसच लागतो.

मग गॅझेटियरचं काय

माझं मत सरळ आहे. गॅझेटियर उत्तम सूची आहे आणि वाईट वाटाड्या. काय काय होतं, कुठला लेख कुठे होता, कुठली कथा तेव्हा सांगत होते, यासाठी त्याच्याइतकं हाताशी दुसरं काही नाही, आणि ते फुकटात वाचायला मिळतं. १९११ मध्ये उभं असलेलं आणि आज नसलेलं काय, एवढी यादी केली तरी एक प्रकरण होईल. पण शहराचा आराखडा, काळाचा क्रम आणि महत्त्वाची उतरंड त्याच्याकडून उसनी घेऊ नका. ती त्या कचेरीच्या गरजेची होती, तुमच्या प्रश्नाची नाही.

आता सिनॉप्सिसमधलं ते वाक्य पुन्हा लिहू. असं काहीतरी: 'अचलपूरच्या तटाच्या आतले व बाहेरचे पाच पुरे सलग चार दिवस, सकाळी व संध्याकाळी, पायी फिरून तट आणि वस्ती यांचा परस्परछेद नोंदवला जाईल, पुरे तटानंतर वसले असे आढळल्यास प्रस्तुत गृहीतक सोडून द्यावे लागेल.' वाक्य लांब झालं, गाईड कदाचित तोडायला सांगतील. पण आरआरसीत यावर प्रश्न विचारता येईल, आणि तुम्हाला उत्तर देता येईल.

जायचं तर हिवाळ्यात जा. मुक्काम परतवाड्याला सोयीचा पडतो. रोज सकाळी तिथून अचलपुरात चालत शिरा, वाट बदलून. आणि काम झालं की तुमच्या टिपणाची एक प्रत तिथल्या वाचनालयात, मराठीत, देऊन या. ज्यांनी विहिरी दाखवल्या, त्यांना आपलं शहर कुणी कसं लिहिलंय ते वाचून 'हे चूक हाय' म्हणता आलं पाहिजे.